झोपेची इर्जिक

माझी वहिनी ज्योत्स्ना उभ्यानं झोपू शकते. गॅससमोर, हातात झारा, डोळे उघडे, आणि बाई झोपलेली. ओळखायची खूण एकच: मी टोमणा मारला आणि उत्तर आलं नाही, की समजायचं, गेली. जागेपणी तिनं माझा एकही टोमणा खाली पडू दिलेला नाही.

"भाऊजी, पटवारीचा पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"मागच्या साली बी बराच गेलता. थो अजून वापस नाई आला."

तर अशी ही बाई. माहेर लांजीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. सासर म्हणजे बालाघाटात भाड्याच्या खोल्या, ज्यांत ती, माझा मोठा भाऊ धर्मेंद्र, त्यांचा मुलगा चिन्मय आणि मी असे राहतो. भाऊ लांजीच्या बसवर कंडक्टर आहे. दिवसभर "चलो, चलो, पीछे जगह है" ओरडून घरी येतो आणि घरात मात्र हळू बोलतो. हळू बोलण्याचं कारण आहे, ते सांगतो.

चिन्मयला असा आजार आहे की ज्याचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर आम्हाला वाटलं, डॉक्टर इंग्रजीत काहीतरी वेगळंच विचारतोय. जन्मानंतर पोट फुगायचं, सकाळी पोरगं थंड पडायचं, झटके यायचे. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर. बरेच उंबरे झिजवल्यावर नागपुरात कळलं की त्याच्या लिव्हरमध्ये साखर साठते, पण बाहेर येत नाही. तुमचं-माझं लिव्हर रात्री उपाशीपोटी थोडी थोडी साखर रक्तात सोडतं, म्हणून आपण बिनघोर घोरतो. चिन्मयच्या लिव्हरच्या दाराला बाहेरून कुलूप. त्यावर औषध काय, तर मक्याचा कच्चा स्टार्च. किराणा दुकानात मंचुरियनसाठी मिळतो तोच. साध्या पाण्यात मापानं कालवायचा आणि दर काही तासांनी पाजायचा, दिवसा आणि रात्रीही. वर पुन्हा साखर, गूळ, फळं, दूध बंद. ज्याच्या रक्तात साखर टिकत नाही त्यालाच साखर बंद, हे मला वहिनीनं इतक्या वेळा समजावलं की शेवटी ती म्हणाली, "राहू द्या भाऊजी, हे पटवारीच्या पेपरात नाई येत."

एक फेरी चुकली की काय होतं, तेही घरात एकदा पाहिलं. वहिनी तापानं फणफणली होती, म्हणून भाऊनं अलार्म लावून रात्रीची फेरी अंगावर घेतली. अलार्म वाजला. भाऊनं तो बंद केला आणि कूस बदलली. पहाटे चिन्मयला झटके आले. पोरगा वाचला. वहिनी भाऊला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त वाईट झालं. फक्त त्यानंतर तिनं कुठलीही फेरी कुणाला दिली नाही. मी एकदा म्हणालो, मी उठत जाईन. तर म्हणाली, "तुमच्या भरवशावर मी चुलीवरची डाळ नाई सोडत, लेकरू कायले सोडू?"

तेव्हापासून भाऊ घरात हळू बोलतो.

आता ती मुख्य गोष्ट. नागपूरच्या दवाखान्यात तपासणीची लाईन मोठी असते आणि लाईनीत सगळे एकमेकांकडे न बघता बसतात. एकदा मागून आवाज आला, "काहून वो पोरी, खाली बसशीन का आता?" वहिनीनं मान वळवली. नागपुरातही असं बोलतात, पण ह्या बोलण्यात मध्येच "चुपचाप बैठ ना यार" आलं, आणि वहिनीला खात्री पटली की बाई आपल्याच जिल्ह्यातली. ती निघाली लालबर्र्याची मयुरी. तिच्या मुलीला, अपूर्वाला, डाळ, बेसन, दूध, अंडं यांतलं काही पचत नाही. पोटात गेलं की रक्तात विष चढतं, पोरगी गुंगीत जाते. साधा ताप आला तरी मयुरी रात्रभर तिला हलवून बघत बसते, गुंगी आहे की झोप. त्याच लाईनीत रामपायलीचे टिकारामभाऊ भेटले. मुलाला पाठीवर घेऊन उभे. त्या मुलाचे स्नायू हळूहळू सुकत चाललेत. चालणं गेलं, आता रात्री कूसही बदलता येत नाही. आई देवाघरी, म्हणून बाप उठतो आणि कूस बदलतो. परत उठतो, परत बदलतो.

वहिनी घरी आली ती विचित्र खुशीत. "भाऊजी, आपल्यावानी लय लोक हायेत."

"आपल्यासारखे म्हणजे?"

"न झोपनारे."

तिनं ठरवलं, सगळ्यांना बालाघाटात एकदा जेवायला बोलवायचं. बसू, बोलू, मन हलकं करू. समाजाचं भवन फुकट मिळवायची युक्ती मी सांगितली, हे माझं या कथेतलं एकमेव योगदान. ज्या दिवशी पंचांगात लग्नाचा मुहूर्त नसतो, तो दिवस मागायचा. त्या दिवशी अध्यक्ष फार दानशूर असतात.

माणसं आली. कुणी बसनं, कुणी मोटरसायकलवर, मध्ये लेकरू, मागे बायको, हँडलला डब्यांची पिशवी. वहिनीनं पहाटेपासून रांधलं होतं: तुरीचं घट्ट वरण, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, बेसनाचे वडे, भात. कशात साखरेचा कण नाही, दुधाचा थेंब नाही. तिला मनापासून वाटत होतं की जगातल्या कुठल्याही आजारी लेकराला हे चालणारच. तिकडून मयुरीनं लेकरांसाठी म्हणून मुरमुऱ्याचे गुळातले लाडू आणले होते. कशात डाळ नाही, दुधाचा थेंब नाही. तिलाही मनापासून तेच वाटत होतं.

पंगत मांडायच्या आतच घोटाळा झाला. अपूर्वाच्या हातात वडा होता आणि चिन्मयच्या हातात लाडू. दोन्ही आया एकाच वेळी किंचाळल्या आणि एकाच वेळी झेपावल्या. दोन्ही लेकरं भोकाड पसरून रडायला लागली.

"काय देऊन राह्यली वो माह्या लेकराले? मारतं का त्याले?"

"मी? तुमीच तं वडा देल्ला माह्या पोरीले! बेसन हाये थे, बेसन!"

"बेसनानं काय होते? बिनासाखरेचा हाये!"

"मंग माहा लाडू बी बिनाडाळीचा हाये!"

दोघी एकमेकींकडे बघताहेत, एकीच्या मुठीत चुरडलेला वडा, दुसरीच्या मुठीत चुरडलेला लाडू. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले टिकारामभाऊ म्हणाले, "माह्या पोट्ट्याले दोनी चालते जी. द्या इकडं."

आधी मयुरी हसली. मग वहिनी. हसता हसता खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसायची थांबेना. घरोघरच्या आया तशाच. प्रत्येकीनं आपल्या लेकराचं विष तेच साऱ्या जगाचं विष धरलं होतं. वर्षानुवर्षं एकेकट्या घरात त्या एकाच शत्रूशी लढत होत्या. बाहेर आणखी शत्रू असतात, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

शेवटी लेकरं आपापल्या डब्यांतलं जेवली आणि मोठ्या माणसांनी वहिनीचं जेवण जेवलं. गरम, बसून, मध्ये न उठता. मला यात काही विशेष वाटलं नव्हतं, पण मयुरीचा नवरा रस्सा ओरपताना म्हणाला, "गरम भाजी कशी लागते थेच भुललो होतो." मी त्याला आणखी एक पळी रस्सा वाढला.

मग वहिनीनं सगळ्यांना गोल बसवलं. आता बोलायचं. पहिले टिकारामभाऊ. ते सरसावून बसले, खाकरले आणि म्हणाले, "माहा पोट्टा लहान होता तवा..." आणि थांबले. आम्ही वाट पाहिली. वाटलं, गहिवरून आलं असेल. मग घोरण्याचा आवाज आला.

कुणी हसलं नाही. कारण मयुरीही भिंतीला मान टेकवून गेली होती. तिचा नवरा सतरंजीवर आडवा. बाकीचे एकेक करून, बसल्या जागी, जसे होते तसे. भरदुपार, वर पंखे फिरताहेत, बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरचा धडधडाट, आणि भवनात सगळी मोठी माणसं मेल्यासारखी झोपलेली. मी लग्नात झोपलेले पाहिलेत, तेरवीत पाहिलेत, निवडणुकीच्या भाषणात तर लाईनीनं पाहिलेत. पण हे तसलं झोपणं नव्हतं. पुरात वाहून आलेली माणसं काठाला लागल्यावर जशी पडतात, तशी ती पडली होती. मला काहीतरी चेष्टेचं सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

भाऊ ड्युटीवर होता, म्हणून जाग्या फक्त दोन व्यक्ती: मी आणि वहिनी. आणि अर्थात लेकरं. वहिनीनं तोंडावर बोट ठेवलं आणि कामाला लागली. लाईनीत टिकारामभाऊ पोराची कूस कशी बदलतात ते तिनं पाहिलं होतं. गुडघ्याखाली हात, खांद्याखाली हात, मोडक्या पाखराला उचलावं तसं हळूच. तिनं तशीच बदलली. अपूर्वाला तिच्याच डब्यातलं भरवलं. बाकी वडे उचलून कपाटावर, लाडू दुसऱ्या कपाटावर ठेवले. चिन्मयला त्याची फेरी पाजली. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं, तरी ती फिरतच होती.

उन्हं उतरल्यावर टिकारामभाऊ दचकून उठले. "पोट्टा?"

"कूस बदलून देल्ली जी. खेळून राह्यला थो."

ते पोराकडे बघत राहिले. मग वहिनीकडे. मग हात जोडायला गेले आणि मध्येच थांबून म्हणाले, "अवो ज्योत्स्नाबाई, हे तं इर्जिक झाली."

ज्यांचा धानाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एकट्याच्या हातानं वावर उरकत नाही. मग इर्जिक बोलवतात. गावातली माणसं एका दिवशी तुमच्या बांधीत उतरतात, मजुरी घेत नाहीत, फक्त पोटभर जेवतात. उद्या दुसऱ्याच्या वावरात, परवा तिसऱ्याच्या, आणि तिथं तुम्हीही जायचं. टिकारामभाऊंनी त्या दिवशी वावराच्या जागी झोप ठेवली, इतकंच.

त्यानंतर दर बिनमुहूर्ताच्या रविवारी भवन भरू लागलं. निम्मे झोपणार, निम्मे राखणार, पुढच्या वेळी पाळी उलटी. राखायचं तर दुसऱ्याचं लेकरू शिकावं लागायचं. अपूर्वाच्या गुंगीत आणि झोपेत फरक कसा ओळखायचा, टिकारामभाऊंच्या पोराला कुठल्या कुशीवर दम लागतो, सगळं. बोलणंही व्हायचं, नाही असं नाही. पण ते झोपून उठल्यावर, चहा पिताना. झोपून उठलेल्या माणसाच्या दुःखाला म्हणे जरा उजेड असतो. हे वहिनीचं मत. चातुर्मासात तर मुहूर्तच नसतात, आमची चंगळ झाली. अध्यक्ष एकदा डोकावले, सतरंज्यांवर पसरलेली मोठी माणसं पाहिली आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "भाई, ये लोग करते क्या हैं?" मी म्हणालो, "सोते हैं." त्यांनी विषय वाढवला नाही.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. वहिनी झोपत नव्हती. तिची पाळी आली की ती म्हणायची, "मले झोप नाई येऊन राह्यली, तुमी झोपा." ती सगळ्यांची लेकरं राखायची. एकदा टिकारामभाऊंना ताप होता तर बसनं रामपायलीला जाऊन दिवसभर त्यांच्या पोराजवळ बसून आली. पण चिन्मयची फेरी दुसऱ्याच्या हातून नाही म्हणजे नाही. मयुरीनं किती वेळा म्हटलं, "द्या न ताई, मी पाजतो." वहिनी हसून भांडं आपल्याकडे ओढायची.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली, असं की ती ओट्याला धरून वाकायची. गोंदियाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पिशवी सुजली आहे, पू धरतोय. काढून टाका. फुटली तर जीवावर बेतेल. आज भरती व्हा म्हणाले.

"बघू," वहिनी म्हणाली.

"बघू" म्हणत तिनं बरेच दिवस ढकलले. घरात भाऊ पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "तू मेली तं त्याले कोन पाजन?" वहिनीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भाऊचा आवाज पुन्हा खाली गेला. तो म्हणाला, "मी पाजीन." ती स्टार्चचा डबा उघडून माप घ्यायला लागली. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. ते पान अजून पाठ आहे, इतका वेळ मी तेच वाचत होतो.

पुढच्या रविवारी भवनात ती कोसळली. झोपलेल्यांची राखण करता करता, अपूर्वाला पाणी देताना. ग्लास पडला, आवाजानं सगळे उठले. वहिनी पोट आवळून फरशीवर. मयुरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कळ ओसरल्यावर वहिनी उठू लागली, तर टिकारामभाऊ म्हणाले, "बसा. आज मी बोलतो. त्या दिवशीचं माहं बोलनं अधुरंच राह्यलं."

सगळे बसले.

"आमच्या गावात एक नथ्थू होता. कोनाची बी इर्जिक असो, सगळ्याच्या पयले हजर. पन आपल्या वावरात कदी कोनाले बोलवलं नाई. गाव म्हने, काय भला मानूस हाये. माहा बाप म्हने, भला नाई थो, घमंडी हाये. त्याले वाटते, त्याच्यावानी रोवा कोनाले लावता येत नाई."

वहिनीचा चेहरा लाल झाला. "घमंड नाई जी टिकारामभाऊ. भेव हाये."

"भेव मले नाई का? माह्या पोट्ट्याचा दम गेला तं मी काय करू? तरी मी तुमच्यासमोर घोरलो."

"तुमाले झोप आली."

"हौ, आली. पन दुसऱ्या खेपेले मी जानून झोपलो. इचार करून. छातीवर दगड ठेवून." ते पुढे वाकले. "तुमी आमच्याकडून घेत नाई, तं आमी तुमच्याकडून कोन्या तोंडानं घ्यावं? उद्यापासून मी बी पोट्टा घरीच ठेवतो मंग."

इर्जिकीला येऊन परत इर्जिक न घेणं हा आमच्याकडे उपकार नाही, अपमान आहे. हे वहिनीला मला सांगायची गरज नव्हती. ती त्याच मातीतली. तिनं फरशीवरचं सांडलेलं पाणी पदरानं टिपलं. मग तिनं डोळे पुसले आणि तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "परीक्षा द्या लागन सगळ्याले. मी नापास करतो, सांगून ठेवतो."

"घ्या बाई," टिकारामभाऊ म्हणाले. "म्हातारपनी हे बी पाहू."

परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात झाली. एकेकानं यायचं, माप घ्यायचं, कालवायचं, चिन्मयला उठवून पाजायचं आणि शेवटचा घोट गिळेपर्यंत हलायचं नाही. मयुरी पहिल्या झटक्यात पास. तिचा नवरा दुसऱ्या. टिकारामभाऊंनी माप चोख घेतलं, मग पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवायला लागले.

"हे काय करून राह्यले?"

"कोमट करतो थोडं. थंडं पानी कसं देऊ लेकराले? मी बाप हाओ का दुश्मन?"

"बापच हाओ, म्हनून नापास. गरम पान्यात स्टार्च शिजते, पोटात लवकर विरघळते, अन् साखर लवकर उतरते. साधंच पानी लागते."

टिकारामभाऊ चिन्मयकडे अपराध्यासारखे बघत राहिले, मग दुसऱ्यांदा देऊन पास झाले. मी तीनदा नापास झालो. शेवटच्या वेळी चिन्मयनंच सांगितलं, "काका, गुठळ्या हायेत."

सगळ्यांच्या मागे, दाराशी भाऊ उभा होता. बसवरून थेट आलेला, खाकी शर्टवर धूळ. त्याची पाळी आली तेव्हा स्वयंपाकघरातलं हसणं बंद झालं. त्यानं हात धुतले. माप घेतलं, काठावर सपाट केलं. कालवताना चमचा भांड्यावर टणटण वाजत होता. चिन्मयच्या ओठाला भांडं लावलं आणि शेवटचा घोट होईपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिला. पोरानं तोंड पुसलं. भाऊ तरीही उभा. वहिनीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"पास," वहिनी म्हणाली. आणि मग, मला वाटतं त्या घटनेनंतर पहिल्यांदाच, ती त्याला त्या रात्रीबद्दल काही बोलली: "अलार्म दूर ठेवत जा. हाताजवळ नोको."

निघायच्या दिवशी तिनं तसल्या दुखण्यात सकाळी उठून रांधलं. इर्जिकीचं जेवण मालकानंच घालायचं, त्याला इलाज नाही. पण यावेळी अपूर्वाचं वेगळं, टिकारामभाऊंच्या पोराचं मऊ, वेगळं, चिन्मयचं वेगळं, आणि मोठ्यांसाठी पातोडीचा रस्सा. मयुरी, टिकारामभाऊ आणि आणखी दोन घरं मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळ्या ठरल्या. भाऊला रात्रीची फेरी मिळाली. त्यानं स्वतः मागितली नव्हती; वहिनीनं दिली.

मी नापास असल्यामुळे वहिनीबरोबर गोंदियाला जायचं काम माझ्याकडे आलं. पिशवी उचलायला परीक्षा नसते.

दारातून ती परत फिरली. एकदा माप बघायला, एकदा चिन्मयची पापी घ्यायला. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा टिकारामभाऊ उंबऱ्यात उभे राहिले. "आता वावर आमचं हाये. जा."

ऑटोत बसल्यावर तिनं सगळ्यांना एकच तंबी दिली: "मले फोन करू नोका. फोन वाजला तं मी समजीन, काही झालं."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळीच उरकलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, पिशवी वेळेत निघाली, आणखी थांबला असतात तर हात टेकले असते. वहिनीला वॉर्डात आणलं. तिनं एकदा डोळे उघडले, ओठ ओले करायला पाणी मागितलं आणि मिटले. दुपारी सिस्टरनं हाक मारली, हं केलं, परत मिटले. संध्याकाळ झाली, रात्र झाली. सिस्टर दर फेरीला येऊन नाडी बघायची, रक्तदाब बघायची आणि माझ्याकडे शंकेनं बघायची, जणू मीच काही पाजलंय. शेवटी तिनं डॉक्टरांना बोलावलं. ते आले, डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली. मग विचारलं, "घर में सोती नहीं क्या?"

"नहीं," मी म्हणालो. "बच्चा है."

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. सिस्टरला एवढंच म्हणाले, "सब ठीक है. सोने दो."

ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबतोय, मोकळा. मी तिच्याबरोबर एका घरात इतकी वर्षं राहतोय, पण हा चेहरा मला माहीत नव्हता. तिशीतली मुलगी होती ती. मला कायम पन्नाशीची वाटत आली होती. खिशातला फोन रात्रभर हातात धरून मी बसलो होतो. तो वाजला नाही. तिकडे बालाघाटात रेल्वेच्या रुळापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत, ज्यांना स्वतःच्या लेकरांमुळे झोप मिळत नाही अशी माणसं पाळीपाळीनं उठत होती आणि एका बाईच्या लेकराला मापानं स्टार्च पाजत होती, म्हणून तो वाजत नव्हता. न वाजणाऱ्या फोनचा इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

उजाडल्यावर मात्र माझ्यानं राहवलं नाही. वऱ्हांड्यात जाऊन भाऊला लावला. "कसा हाये?"

"कोन?"

"कोन काय? चिन्मय!"

"थो?" भाऊ मोठ्यानं, बसमधल्या आवाजात म्हणाला. "थो शाळेत गेला."

मी पलंगाजवळ परत आलो तेव्हा वहिनीचे डोळे उघडे होते. छताकडे बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं. रात्रभर मनात जुळवलेलं सगळं तयार होतं, फेऱ्या, पाळ्या, आणि आता शाळाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले भूक लागली. काही हाये का?"

"वहिनी, चिन्मय..."

"थे सांगसान मंग. पयले खायाले आना."

सिस्टरनं पातळ खिचडीची परवानगी दिली. मी कँटीनमध्ये धावलो, शिजेपर्यंत तिथल्या पोरांना दम दिला, स्टीलचा डबा रुमालात गुंडाळून जिना चढलो. वॉर्डात आलो तर ती पुन्हा झोपली होती, यावेळी कुशीवर, हात गालाखाली घेऊन. मी डबा स्टुलावर ठेवला आणि बसून राहिलो. खिचडी निवत होती. उठवायची माझी हिंमत नव्हती, आणि उठवायचं काही कारणही नव्हतं.